शाळेच्या समितीतील रिकाम्या खुर्च्या

देवस्थान समितीची निवडणूक जवळ आली की आमच्या डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही गावात झोप उडते. महाजनांच्या याद्या तपासल्या जातात, मुंबईला असलेल्या भावबंदांना फोन जातात, कोणाचे नाव राहिले म्हणून मामलेदार कचेरीत अर्ज पडतात. कोमुनिदादीची निवडणूक असो की पंचायतीची, तीच धावपळ. मुळगावात श्री केळबाई देवीच्या उत्सवात कोणाचा मान कोणता, हे शाळकरी पोरही सांगेल. पण वाचकहो, आपल्या वाड्यावरच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीवर कोण आहे, असे विचारले तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल? आम्ही स्वतःलाच हा प्रश्न विचारला, आणि आम्हालाही मान खाली घालावी लागली.

ही समिती म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१ व्या कलमानुसार अशी समिती नेमणे बंधनकारक आहे. समितीतील किमान तीन चतुर्थांश सदस्य त्याच शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यायचे आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे, ही या समितीची कामे. २२ व्या कलमाने तर पुढे जाऊन सांगितले आहे की, सरकारने शाळेसाठी करायच्या योजना आणि द्यायचे अनुदान यांचा पाया हाच आराखडा असेल. गळके छप्पर, मुलींचे स्वच्छतागृह, न आलेला शिक्षक या साऱ्या गोष्टी मागण्याची कायदेशीर जागा हीच आहे.

प्रत्यक्षात काय घडते? मुख्याध्यापिका एक दिवस पालकांना बोलावतात. सकाळी दहाची वेळ असते. रोजंदारीवर जाणाऱ्याला ती परवडत नाही. चारदोन आया येतात, तयार कागदावर सह्या करतात, चहा घेतात आणि घरी जातात. अध्यक्ष कोण, हे कधी कधी अध्यक्षालाच ठाऊक नसते. यात मुख्याध्यापिकेला दोष देण्यात अर्थ नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत शिकवणे, माध्यान्ह आहाराची नोंद, खात्याला पाठवायची माहिती आणि वर निवडणुकीचे काम, हे सगळे तिच्याच डोक्यावर असते. समिती जागी असती तर यातला थोडा भार हलका झाला असता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. मराठी शाळेसाठी आपण कमी झगडलो नाही. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गोव्याच्या खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि बहुजन समाजाची पहिली पिढी पाटीवर अक्षरे गिरवू लागली. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना मातृभाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण ठरले. २०११ साली सरकारने ते फिरवले आणि इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचे दार उघडले. तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या झेंड्याखाली आपण रस्त्यावर उतरलो, शशिकलाताई उतारवयात पुन्हा आघाडीवर आल्या. २०१२ साली सरकार बदलले, तरी ते अनुदान बंद झाले नाही. २०१७ च्या विधानसभा निवडणुकीत याच प्रश्नावर उतरलेल्या गोवा सुरक्षा मंचाला एकही जागा मिळाली नाही.

या सगळ्या वादात एक शब्द दोन्ही बाजूंनी सारखा वापरला गेला, तो म्हणजे 'पालक'. इंग्रजीवाले म्हणाले, पालकांची मागणी आहे. आम्ही म्हणालो, खऱ्या पालकांना मातृभाषाच हवी. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्या प्रकरणात निकाल दिला की, प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सक्ती सरकारला करता येणार नाही. म्हणजे माध्यमाचा निर्णय आता घराच्या उंबऱ्यावर होतो. आणि आपल्या उंबऱ्यावर काय झाले? मराठीच्या सभेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या कित्येक जुन्या घराण्यांची नातवंडे सकाळी बालरथात बसून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेली. आमची घरेही त्याला अपवाद नाहीत. ज्याचे मूल शाळेत नाही, त्याला पालक म्हणून समितीवर बसता येत नाही. मराठीसाठी मोर्चा काढणाऱ्यांनी मराठी शाळेतली आपली जागा अशी स्वतःच सोडून दिली.

मग आज त्या खुर्च्यांवर हक्क कोणाचा? गावातल्या कष्टकरी बहुजन घरांचा आणि कर्नाटकातून किंवा आणखी दूरून आलेल्या मजुरांचा. गोव्यातील अनेक सरकारी मराठी शाळांचा पट आज त्यांच्या मुलांनी धरून ठेवला आहे. कमी पटाच्या शाळा जवळच्या शाळेत विलीन करण्याची भाषा सरकार वेळोवेळी करते, तेव्हा आपली शाळा वाचते ती या मुलांमुळे. ज्या आईच्या घरी कन्नड बोलतात, ती आपल्या लेकराला मराठी पाटी देते, आणि आपण तिच्याकडे 'भायली' म्हणून पाहतो. हे आपल्या गावच्या रीतीला शोभत नाही.

म्हणून आमचे जुन्या कुटुंबांना काही सांगणे आहे. समितीची निवड उघड सभेत व्हावी, आठ दिवस आधी सूचना वाड्यावाड्यावर पोचावी आणि सभा संध्याकाळी किंवा रविवारी असावी, असा आग्रह ग्रामसभेत धरा. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत उरलेल्या एक चतुर्थांश जागांपैकी एक तृतीयांश स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा शाळेतील मुलांसाठी ठेवल्या आहेत आणि त्यांची निवड पालक करतात. आपल्या घराघरांत निवृत्त गुरुजी आणि बाई आहेत. त्यांनी तिथे जावे, पण अध्यक्ष व्हायला नव्हे. ते पद पालकाचे आहे. त्यांनी आराखडा लिहायला, हिशेब वाचायला आणि खात्याशी पत्रव्यवहार करायला मदत करावी. ज्या आईला इतिवृत्त वाचता येत नाही तिला ते वाचून दाखवावे, आणि मगच सही घ्यावी. सभेचे इतिवृत्त लोकांना पाहायला मिळाले पाहिजे, हेही त्याच नियमांत आहे.

न्यूझीलंडमध्ये १९८९ पासून प्रत्येक सरकारी शाळेचा कारभार पालकांनी निवडलेल्या मंडळाकडे आहे. तिथेही सगळे आलबेल नाही, पण शाळा आपली आहे हे तिथल्या पालकाला कोणी पटवून द्यावे लागत नाही. आपल्याकडे निदान ग्रामसंस्थेची परंपरा त्याहून जुनी आहे. खाणपट्ट्यातून घरे, देवळे आणि शेती वगळा म्हणून मुळगाव एक होऊन उभे राहिले. तेव्हा कोणी कोणाचे कूळ विचारले नाही. तीच एकी शाळेच्या दारात दिसायला हवी.

आणि शेवटची गोष्ट थोडी कडू आहे. ज्यांच्या घरात यंदा पाच-सहा वर्षांचे मूल आहे, त्यांनी एकदा तरी वाड्यावरची शाळा आत जाऊन पाहावी. शिकवणे कमी पडत असेल तर ते समितीत बसून सुधारता येते, बालरथात बसून नव्हे. मूल घातलेत तर समितीत तुमचा शब्द चालेल. नाही घातलेत, तर ज्यांनी घातले आहे त्यांच्या पाठीशी तरी उभे राहा. शाळेला एकदा कुलूप लागले की ते काढायला पुढची पिढी येणार नाही. ती पिढी मराठी वाचत असेल, याची खात्री आम्हाला आज देता येत नाही.