डाळिंबाची मर : मित्र जिवाणू पुडीत जिवंत आहेत का?

अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर, राहाता, पारनेर भागातले डाळिंब उत्पादक दोन रोगांना धास्तावतात : तेल्या आणि मर. तेल्या जिवाणूमुळे होतो, मर प्रामुख्याने बुरशीमुळे. मरीवर उपाय म्हणून मित्र जिवाणूंच्या पुड्या विकल्या जातात. उपाय खरा आहे, तो वापरण्याची पद्धत मात्र बरेचदा चुकते.

मरीची बुरशी, सेराटोसिस्टिस, झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. आधी एखादी फांदी पिवळी पडते, मग अख्खे झाड वाळते. खोड आडवे कापले, तर आत काळपट डाग दिसतो.

स्युडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांवर वस्ती करतो, मातीतले लोह बुरशीआधी ओढून घेतो आणि तिला मारक द्रव्ये सोडतो. बॅसिलस सबटिलिसही बुरशीला रोखणारी द्रव्ये तयार करतो. जागा आधी कोण पकडतो, यावर सगळे ठरते. बुरशी एकदा खोडात शिरली, की मुळाभोवतीचे जिवाणू तिथे फारसे काही करू शकत नाहीत. म्हणून ते लागवडीच्या खड्ड्यात, चांगल्या कुजलेल्या शेणखतासोबत द्यायला हवेत. प्रत्यक्षात पिवळी फांदी दिसल्यावर दुकान गाठले जाते आणि झाड गेले की दोष जिवाणूंना.

दुसरी चूक तेल्याच्या फवारणीतली. बोर्डो मिश्रण आणि ताम्रयुक्त औषधे जिवाणू मारण्यासाठीच असतात. त्यांना मित्र-शत्रू कळत नाही. ती मित्र जिवाणूंसोबत एकाच टाकीत कालवली, तर पैसे दोनदा जातात. (ट्रायकोडर्माचे उलट. ती स्वतःच बुरशी असल्याने तिला बुरशीनाशकाचे भय.)

सर्वात कमी बोलले जाते ते साठवणुकीबद्दल. बॅसिलस बीजाणू बनवून प्रतिकूल काळात तग धरतो. स्युडोमोनासला ती सोय नाही. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडलेल्या पुडीत तो मरत जातो आणि शेतकऱ्याच्या हाती उरते शंखजिऱ्याची भुकटी.

पुडीवर जिवंत पेशींची संख्या छापलेली असते, पण ती भरतानाची. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे, सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही फार लांब नाही. उन्हाळ्यात दुकानातल्या पुड्यांचे नमुने घेऊन जिवंत पेशी मोजाव्यात आणि निकाल तालुकानिहाय जाहीर करावेत. तोवर शेतकऱ्याने किमान उत्पादनाची तारीख पाहावी आणि पक्के बिल घ्यावे.