मुलींनी धावायचे कोठे?

रिओ द जानेरो येथे १५ ऑगस्ट २०१६ रोजी ऑलिंपिकमधील महिलांच्या तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी झाली, तेव्हा त्या फेरीत सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची एक धावपटू उभी होती. ललिता बाबर यांना त्या दिवशी दहावे स्थान मिळाले. दोन दिवस आधी पात्रता फेरीत त्यांनी ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला होता आणि तो पुढे सात वर्षे अबाधित राहिला. १९८४ मध्ये लॉस एंजलिसला पी. टी. उषाचे पदक सेकंदाच्या शतांश भागाने हुकले. त्यानंतर ऑलिंपिकमधील वैयक्तिक धावशर्यतीच्या अंतिम फेरीत भारतीय स्त्री पोहोचण्यास बत्तीस वर्षे जावी लागली. त्याआधी २०१५ मध्ये वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक आणि त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत आठवे स्थान त्यांनी मिळविले होते. दुष्काळी माणदेशातून इतक्या दूरवर आलेल्या या धावपटूचे कौतुक झाले, ते योग्यच झाले.

राज्य शासनाने पुढे त्यांना उपजिल्हाधिकारी पदावर घेतले आणि सेवेच्या आरंभी त्या रायगड जिल्ह्यात माणगावच्या तहसीलदार होत्या. माणगावहून म्हसळा-श्रीवर्धनकडे, म्हणजे थेट समुद्राकडे, रस्ता जातो. या किनाऱ्यावरील मुलींनी आपल्या जिल्ह्यात ऑलिंपिकची धावपटू अधिकारी म्हणून पाहिली. परंतु त्यांपैकी एखादीने उद्या तिच्यासारखे धावायचे ठरविले, तर तिने धावायचे कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली, हा प्रश्न त्या कौतुकात कोणी विचारला नाही.

स्त्रियांच्या मध्यम पल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास हा परवानगीचा इतिहास आहे. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच आठशे मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडके हिने जागतिक विक्रमासह ती शर्यत जिंकली आणि अंतिम फेरीतील नऊही जणींनी ती पूर्ण केली. तरीही धावपटू कोसळून पडल्याची भडक वर्णने वृत्तपत्रांनी छापली आणि हे अंतर स्त्रीच्या प्रकृतीस झेपणारे नाही, असा निवाडा देऊन ते कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले. १९६० पर्यंत ते परत आले नाही. पंधराशे मीटरला १९७२ उजाडावे लागले, आणि पुरुष १९२० पासून धावत असलेली तीन हजार मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना खुली झाली ती २००८ मध्ये. अठ्ठावीस अडथळे आणि पाण्याच्या सात उड्या असलेल्या या शर्यतीत ललिता बाबर आठ वर्षांनी अंतिम फेरीत धावल्या. दोष पायांत नव्हता, दाराला लावलेल्या कडीत होता.

नियमपुस्तकातील कडी निघाली. गावातील निघाली आहे काय? आठशे किंवा पंधराशे मीटरची शर्यत जन्मजात वेगावर जिंकता येत नाही. हृदय व फुप्फुसे यांची क्षमता संथ आणि सातत्याच्या धावण्याने वर्षानुवर्षे वाढवावी लागते, आणि वेग टिकविण्याची सवय त्यावर हळूहळू चढवावी लागते. हे काम तेराव्या-चौदाव्या वर्षी सुरू झाले, तर विशीत त्याचे फळ दिसते. आपल्याकडे मुलगी मैदान सोडते ती नेमकी याच वयात. दहावीचे वर्ष, घरकाम, धाकटी भावंडे, संध्याकाळची शेवटची एस. टी. आणि ‘एवढी मोठी झाली, आता धावते कशाला’ हा शेजारचा प्रश्न, यांतून ती सुटत नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत आठशे व पंधराशे मीटरमध्ये रौप्यपदके मिळविणाऱ्या पंजाबच्या हरमिलन बैन्सची आई, माधुरी सिंग, हिनेही २००२ मध्ये बुसानला आठशे मीटरचे रौप्यपदक मिळविले होते. ज्या घरात आई धावली, तेथे मुलीच्या धावण्याला कारण विचारले जात नाही. इतर घरांतील मुलींना हा आधार शाळेने द्यावयाचा असतो.

किहीम, नागाव, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन अशी लांबच लांब पुळण लाभलेल्या किनाऱ्याला मैदानाची काय गरज, असे कोणी म्हणेल. ओहोटीला ओली वाळू टणक होते आणि तीवर उत्तम धावता येते, हे खरे आहे. परंतु ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाहून अधिक पुढे सरकते. शाळेचे वेळापत्रक तिच्या मागे जाऊ शकत नाही. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे रोज त्यावरच धावल्यास एका पायावर अधिक ताण येतो. पावसाळ्याचे चार महिने तो जवळजवळ बंद, आणि सुट्टीच्या दिवशी तो पर्यटकांच्या वाहनांचा. समुद्र सरावाला वैविध्य देईल. मोजलेली, सपाट आणि सुरक्षित धावपट्टी तो देणार नाही.

आणि धावण्याची निकड आता केवळ पदकापुरती राहिलेली नाही. महाराष्ट्रातील पोलीस भरतीत महिला उमेदवारांना आठशे मीटर धावावे लागते. जे अंतर स्त्रीला झेपत नाही म्हणून बत्तीस वर्षे बंद ठेवले गेले, तेच आज तिच्या नोकरीची अट आहे. भरतीची जाहिरात निघाली की मुली पहाटे डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या उजेडात धावू लागतात. दोन-तीन महिन्यांत पाच वर्षांचे काम उरकू पाहतात आणि नडगीचे दुखणे घेऊन बसतात. शाळेने जे द्यायला हवे होते, त्याची किंमत ही मुलगी स्वतःच्या पायांनी चुकविते.

यासाठी कोट्यवधींचे क्रीडासंकुल प्रत्येक तालुक्यात उभारा, असे कोणी म्हणत नाही. दोनशे मीटरची मुरुमाची, पाण्याचा निचरा होणारी धावपट्टी तालुक्यातील काही शाळांच्या आवारात होऊ शकते. शाळा सुटल्यावर तासभर मैदान खुले ठेवणे, तेथे एका शिक्षिकेची उपस्थिती आणि तिला त्या तासाचे मानधन, त्यानंतर घरी पोहोचविणारी एस. टी. फेरी, आणि शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला न देण्याची शिस्त, एवढ्या गोष्टींना दुर्मिळ प्रतिभा लागत नाही. त्या मुख्याध्यापक, शाळा समिती, पंचायत समिती आणि आगारप्रमुख यांच्या अधिकारात व विनंतीच्या टप्प्यात आहेत.

पदक मिळाल्यावर सत्कार करणे, पद देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते पार पाडले जाते. परंतु बक्षीस शर्यत संपल्यावर मिळते, आणि बहुतेक मुलींची शर्यत सुरूच होत नाही. त्यांतील प्रत्येक जण ऑलिंपिकला जाणार नाही. बहुतेक जणी परिचारिका, शिक्षिका, पोलीस शिपाई, मासळीच्या व्यापारी होतील. पण चौदाव्या वर्षी आपले शरीर आपल्या सांगण्याप्रमाणे चालते हे ज्या मुलीला कळले, ती पुढे दमछाकीला लवकर भीत नाही. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या फाटकाला कुलूप लागते. ते तासभर उशिरा लावता येईल काय, एवढ्या लहान प्रश्नापासून या कामाला प्रारंभ होऊ शकतो.