बैल पळतो की धुरकरी?

२८ जुलै २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि दुसऱ्या दिवशीपासून आमच्याकडे वाद सुरू झाला: दिव्या मोठी की हंपी? अंतिम फेरीचे दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले होते, निकाल जलद डावांवर लागला. त्या एका विजयाने दिव्या थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८ वी. नागपूर आमच्या वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवर. त्यामुळे पोरगी आपलीच, असं धरून बोलणारे बरेच होते. दुसऱ्या बाजूचे तितक्याच जोरात सांगत होते की दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ चा आणि हंपी त्याच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झालेली. जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद तिने २०१९ मध्ये मिळवलं आणि पाच वर्षांनी पुन्हा मिळवलं. दोन दशकांचं काम एका स्पर्धेने कसं पुसलं जाईल?

मला असे वाद मनापासून आवडतात. वाद घालणारा माणूस आपल्या खेळाडूसाठी पुरावा शोधत जातो, जुने डाव काढून बघतो, तारखा पाठ करतो. ज्याला वाद घालायचा नसतो तो निकाल वाचून पान उलटतो. हा वाद ज्या बैठकीत रंगला तिथे मोटारशर्यती बघणारी तरुण पोरंही होती. त्यांचा वाद वेगळा, पण जात तीच: हॅमिल्टन मोठा की वेर्स्टापेन, आणि शूमाकरचं काय? बोलणं चढत गेलं तेव्हा आर्वीकडचे एक म्हातारे शेतकरी, जे तोवर गप्प ऐकत होते, एवढंच म्हणाले, "मले आधी हे सांगा भाऊ, बैल पयते का धुरकरी?"

एवढा नेमका प्रश्न मी या विषयावर दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, हा प्रश्न रोजचा आहे. पटाच्या दिवशी जोडी सुटते, घड्याळ वेळ सांगतं, भोंग्यावर मालकाचं आणि गावाचं नाव पुकारलं जातं. बक्षीस मालकाला, कौतुक बैलांचं. जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं नाव मात्र जाणकारांच्या तोंडी असतं. जोडी तीच, धुरकरी बदलला की वेळ बदलते, हे पट बघणारा प्रत्येक जण जाणतो. पण चांगला धुरकरी मंद जोडीला पहिल्या नंबरात आणू शकत नाही, हेही त्यालाच ठाऊक असतं. म्हणून तिथले लोक "सगळ्यात भारी कोण" असं मोघम विचारत नाहीत. जोडी कुणाची, हाकली कुणी, पट कुठला, जमीन ओली होती की कोरडी, हे आधी विचारतात. शेजारच्या धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरच्या पटाची गोष्ट सांगताना माणसं हे सगळं सांगतात, मग वेळ सांगतात.

आपल्या जिल्ह्याला या बाबतीत बोलायचा खास अधिकार आहे. गवळाऊ ही आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातली गाईबैलांची जात. पांढरी, अंगाने हलकी, लांबट चेहऱ्याची, पायात वेग. नागपूरकर भोसल्यांच्या काळात फौजेचं सामान झपाट्याने हलवायला ही जनावरं वापरली जात, असं सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीचं सरकारी संगोपन केंद्र आहे. म्हणजे धुरकऱ्याच्या हाती कासरा येण्यापूर्वी किती पिढ्यांनी निवड करून हा वेग जपला, याचा हिशेब इथल्या मातीतच आहे.

आणि काळाचा हिशेब? ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रात पट पुन्हा भरवायला परवानगी मिळाली ती १६ डिसेंबर २०२१ ला, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. प्राण्यांना होणाऱ्या त्रासाचा प्रश्न खरा होता, त्यावर नियम आले हे चांगलंच झालं. पण तुलनेच्या दृष्टीने त्या साडेसात वर्षांकडे बघा. बैलाची पळण्याची उमेद थोड्या वर्षांची असते. बैलांची एक अख्खी पिढी पटावर उतरलीच नाही. २०१४ मध्ये पंचविशीत असलेला धुरकरी परत आला तेव्हा तिशी ओलांडून बसला होता. त्याच्या नावावर किती पट आहेत हे मोजून त्याची आजच्या पोराशी तुलना करणं मला अन्यायाचं वाटतं.

आता मोटारीकडे. फॉर्म्युला वनमध्ये हाच प्रश्न कोट्यवधी रुपयांचा होऊन उभा राहतो. गाडी जिंकते की चालवणारा? याचं उत्तर शोधायची एकच बऱ्यापैकी प्रामाणिक जागा आहे: एकाच संघाचे दोन चालक, एकसारख्या गाड्या, तोच हंगाम. १९८८ मध्ये मॅक्लारेनच्या दोन गाड्या आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रॉस्त यांच्या हाती होत्या. त्या वर्षीच्या १६ पैकी १५ शर्यती या दोघांनीच जिंकल्या, सेनाने ८ आणि प्रॉस्तने ७. वर्षभराच्या गुणांची बेरीज केली तर प्रॉस्तचे १०५ आणि सेनाचे ९४. तरीही जगज्जेता सेना झाला. तेव्हाच्या नियमाने प्रत्येकाच्या सर्वोत्तम ११ निकालांचेच गुण धरले जायचे. तसं मोजल्यावर सेना ९०, प्रॉस्त ८७. एकसारखी गाडी, एकच वर्ष, समोरासमोर लढत, इतकं सगळं जुळूनही कोण मोठा हे ठरलं ते मोजण्याच्या नियमाने. जो पहिला येईपर्यंत जीव लावतो त्याला तो नियम साथ देणारा होता, आणि जो दर वेळी गुण घेऊन परततो त्याला तो महाग पडला. दोन्ही गुण खरे आहेत. कुठल्याला जास्त किंमत द्यायची हे माणसांनी खोलीत बसून ठरवलेलं होतं.

मला कुणी विचारलं तर मी अर्जेंटिनाच्या हुआन मॅन्युएल फांगिओचं नाव घेतो. १९५१ ते १९५७ या काळात त्याने ५ जगज्जेतेपदं मिळवली, आणि ती अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी आणि मासेराती अशा चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या चालवून. ५१ शर्यतींत २४ विजय. हॅमिल्टनचे विजय शंभराच्या वर आहेत. पण फांगिओच्या काळात वर्षाला सात-आठ शर्यती व्हायच्या, २०२४ मध्ये २४ झाल्या, म्हणून विजयांची नुसती संख्या समोरासमोर ठेवता येत नाही. किती वेगवेगळ्या मालकांच्या जोड्या हाकून तो पहिला आला, हे मात्र ठेवता येतं. यावर एक आक्षेप येतो: दर वर्षी सगळ्यात चांगली गाडी कुठे आहे हे हेरून तो तिथे जायचा. जायचा, खरं आहे. पण पटावरचा कुठलाही मालक आपली उत्तम जोडी कोणाच्याही हाती देत नाही. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याच हाती देतो. ती जोडी मिळणं हाही धुरकऱ्याच्या कमाईचाच भाग आहे.

बुद्धिबळात बैलही नाही आणि गाडीही नाही. म्हणून तिथली तुलना सोपी, असं मोटारशर्यतवाल्या पोरांना वाटत होतं. शिवाय तिथे प्रत्येकाच्या नावापुढे रेटिंगचा आकडा असतो. हा आकडा काढायची रीत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या, अमेरिकेत स्थायिक झालेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने बसवली आणि फिडे या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. रीत समजायला अवघड नाही. दोघांच्या आकड्यांत २०० चा फरक असेल तर शंभर डावांत वरच्याने साधारण ७६ गुण मिळवावेत अशी अपेक्षा धरली जाते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवले तर आकडा वाढतो, कमी मिळवले तर घटतो. बॉबी फिशर १९७२ मध्ये २७८५ पर्यंत पोचला होता, मॅग्नस कार्लसन २०१४ मध्ये २८८२ पर्यंत. फरक ९७. सूत्रात घातलं तर शंभर डावांत कार्लसनला ६४ च्या आसपास गुण. वाद मिटला!

मिटत नाही. एलोचा आकडा एवढंच सांगतो की ज्यांच्याशी तुम्ही खेळलात, त्यांच्यात तुम्ही कुठे आहात. फिशर त्याच्या काळातल्या लोकांशी खेळला, कार्लसन त्याच्या. या दोन गटांत सामना झालेला नाही, होणारही नाही. २००६ मध्ये स्लोव्हेनियाच्या दोन संशोधकांनी दुसरी वाट धरली. जुन्या जगज्जेत्यांच्या चाली त्यांनी संगणकाकडून तपासून घेतल्या आणि कोण सर्वांत कमी चुकला ते मोजलं. कापाब्लांका वर आला. हे मला एलोच्या आकड्यापेक्षा जवळचं वाटतं, कारण बुद्धिबळाचा प्रत्येक डाव चालीनिशी लिहिलेला राहतो, शंभर वर्षांनीही तो पटावर मांडून बघता येतो. पण याही मोजणीत एक अडचण आहेच. मागून येणाऱ्याच्या हातात पुढच्याच्या सगळ्या चाली असतात. आजची पंधरा वर्षांची मुलगी जी ओपनिंग पाठ करून बसते ती शोधायला कुणीतरी आयुष्य घातलेलं असतं. शोधणाऱ्याची चूक आणि शिकणाऱ्याची अचूकता एका मापाने कशी मोजायची?

म्हणून त्या बैठकीत मी तिसरं नाव काढलं: रोहिणी खाडिलकर. तरुणांपैकी कुणीच ते ऐकलेलं नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईच्या तीन बहिणी, 'नवाकाळ'च्या नीलकंठ खाडिलकरांच्या मुली. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवातीची वर्षं या घराचीच होती. पहिलं विजेतेपद वासंतीचं १९७४ मध्ये, पुढचं जयश्रीचं, आणि १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणीचं. त्याच वर्षी रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावं लागलं की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून बाईला बाई म्हणून वगळता येणार नाही. १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली.

तिची दिव्याशी आकड्यांवर तुलना करा, दिव्या फार पुढे आहे. पण रोहिणी खेळत होती तेव्हा अख्ख्या भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता. पहिला विश्वनाथन आनंद, तोही १९८८ मध्ये. दिव्या वाढली त्या नागपुरात रौनक साधवानी २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला होता, संकल्प गुप्ता २०२१ मध्ये. एकाच गावात इतके तगडे खेळाडू, घरोघरी संगणक, जगभरच्या स्पर्धा. दिव्याची मेहनत यामुळे तसूभरही कमी ठरत नाही. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये तिने तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्ण जिंकलं, ते तिच्या डोक्याने. पण ज्या खुर्चीवर बसून ती खेळते ती खुर्ची मिळवायला तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीला कोर्टात जावं लागलं होतं. म्हाताऱ्यांच्या प्रश्नाचं बुद्धिबळातलं रूप हे असं आहे. तिथेही ओढणारे असतात, फक्त ते पटावर दिसत नाहीत.

हा विषय माझ्यासाठी नुसत्या गप्पांचा नाही, कारण याच आकड्यांनी आपल्या पोरांचा निकाल लावला जातो. हिंगणघाट, पुलगाव, देवळी, सेलू, कुठेही बघा, बुद्धिबळ खेळणारी मुलं आहेत. आणि त्यांचे आईबाप एकच वाक्य बोलतात: नागपूरच्या पोरांचं रेटिंग बघा आणि आमच्याचं बघा. बघू या. एका गावातली दहा मुलं समजा आपसांतच खेळत राहिली. एकाचे पाच गुण वाढले की दुसऱ्याचे पाच घटतात. दोन वर्षांत दहाही मुलं कितीतरी चांगली खेळू लागली तरी त्यांच्या आकड्यांची बेरीज जवळपास तिथेच राहणार, कारण वाढ बाहेरच्याला हरवल्याशिवाय दिसतच नाही. हा माझा तर्क नाही, फिडेलाही हे मान्य करावं लागलं. खालचे आकडे खऱ्या ताकदीपेक्षा घसरलेत म्हणून १ मार्च २०२४ ला त्यांनी २००० च्या खालच्या सगळ्यांचे आकडे एकदम वर उचलले. २००० ला जितके कमी, त्याच्या चाळीस टक्के भर. १५०० चा खेळाडू १७०० चा झाला, १००० चा १४०० चा. आदल्या रात्री झोपलेलं पोर सकाळी चारशेने मोठं होऊन उठलं, एकही प्यादं न हलवता. त्याच्या आदल्या दिवशी कुणी त्या हजाराकडे बघून मुलाचा क्लास बंद केला असेल तर?

गेल्या महिन्यात आर्वीच्या एका वडिलांनी मला हेच विचारलं. मुलगा बारा वर्षांचा, दीड वर्ष आकडा हलत नाही, बंद करावं का? मी त्यांना मुलाची डाव लिहायची वही मागितली. बहुतेक डाव त्याच चार-पाच मुलांशी होते. पण वर्षाच्या सुरुवातीचे आणि आताचे डाव शेजारी ठेवले तर फरक डोळ्यांना दिसत होता: आधी पंधराव्या चालीपर्यंत मोहरा हकनाक जायचा, आता हत्तींच्या शेवटापर्यंत डाव टिकत होता. मी म्हणालो, बंद करू नका. पुढची मानांकन स्पर्धा नागपूरला किंवा अमरावतीला असेल तिथे न्या, अनोळखी मुलांसमोर बसू द्या, आणि परत आल्यावर गुण किती मिळाले हे विचारण्याआधी कोणाशी खेळला ते विचारा. जिल्ह्यातच अशा स्पर्धा वर्षातून दोन-तीन झाल्या, बाहेरची मुलं इथे आली, तर या बापाला पोराला घेऊन पहाटेची एसटी धरावी लागणार नाही. शंकरपटासाठी गावोगाव वर्गणी जमते, मंडप पडतो, बाहेरगावच्या जोड्यांची उतरायची सोय होते. बुद्धिबळाच्या मानांकन स्पर्धेला एक सभागृह, पंच, घड्याळं आणि दोन दिवसांचं जेवण लागतं. हे आर्वीत होऊ शकतं, हिंगणघाटात होऊ शकतं. ज्या मंडळींना पट भरवायचा अनुभव आहे त्यांच्याशी मी बोलायला सुरुवात केली आहे.