गाइडला एकच प्रश्न विचारा : 'कशावरून?'

कॉलेजच्या ग्रुपवर दर शनिवारी एक तरी पोस्टर येतंच. 'फुल डे हेरिटेज टूर! प्राचीन अवशेष, ओसाड किल्ला, गूढ भुयारं. सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा. नाश्ता-जेवणासह.' खाली फी, एक मोबाइल नंबर आणि पडक्या भिंतीवर चढलेल्या वेलींचा फोटो. तुमच्यापैकी काही जण अशा टूरला जाऊन आले असतील, काही जण येत्या रविवारी निघायच्या तयारीत असतील. जरूर जा. मॉलमध्ये चकरा मारण्यापेक्षा हे केव्हाही बरं. फक्त टोपी, पाण्याची बाटली आणि पॉवर बँक यांच्यासोबत एक शब्दही घेऊन जा. कशावरून?

मास कॉमच्या पहिल्याच वर्षी आमच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली जाते. कुणी काही सांगितलं की आधी सोर्स विचारायचा. नगरसेवकाला विचारतो, पोलिसांना विचारतो, कॉलेजच्या प्राचार्यांनाही विचारतो. मग हातात छत्री घेऊन पुढे चालणाऱ्या गाइडपाशी आलो की आपली बोलतीच का बंद होते? तो 'इथे सोनं पुरलंय' म्हणाला की आपण 'ओह' म्हणतो आणि कॅमेरा सुरू करतो. माझं म्हणणं एवढंच आहे की टूर चांगली की वाईट, हे गाइडच्या आवाजावरून किंवा जेवणातल्या गुलाबजामवरून ठरत नाही. 'कशावरून?' या प्रश्नाला तिथे किती जागा आहे, त्यावरून ठरतं.

मुंबईजवळच्या एका अशाच दिवसभराच्या टूरचं उदाहरण घेऊ. सकाळी नालासोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, दुपारनंतर वसईचा किल्ला. वेस्टर्न लाइनवरची लागोपाठची दोन स्टेशनं. पण या दोन स्टेशनांच्या मधे दोन हजार वर्षं पसरलेली आहेत.

सोपारा हे एकेकाळचं मोठं बंदर. जुन्या ग्रंथांत त्याचं नाव शूर्पारक. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेतही ते येतं. आज तिथे गेलात तर झाडांच्या सावलीत विटांचा एक मोठा ढिगारा दिसतो. बहुतेक टूर इथे वीस मिनिटं थांबतात. 'सम्राट अशोकानं बांधलेला स्तूप', ग्रुप फोटो, चला बसमध्ये!

आता इथे 'कशावरून?' विचारून बघा. या टेकाडाला गावातले लोक पूर्वी 'बुरूड राजाचा कोट' म्हणायचे. म्हणजे तेव्हाही गोष्ट तयारच होती. कुणी एक राजा होता, त्याचा हा किल्ला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी इथे आले. जुनागढचा हा माणूस, भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झालेला. त्यांनी राजाच्या गोष्टीवर मान न डोलावता टेकाड खणायला घेतलं. पोटात निघाला विटांचा स्तूप. स्तूपाच्या मध्यभागी दगडी करंडक, त्यात तांब्याचा, मग एकात एक बसवलेले आणखी करंडक आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भिक्षापात्राचे बारीक तुकडे. ज्यांनी ते ठेवले त्यांच्या श्रद्धेनुसार ते पात्र बुद्धांचं होतं.

सोबत एक चांदीचं नाणंही सापडलं, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं. एका नाण्यानं काय होतं? सगळं होतं! हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. म्हणजे हे करंडक त्याच्या काळाआधी इथे ठेवलेले असू शकत नाहीत. अशोक तर त्याच्या चारेकशे वर्षं आधीचा. मग अशोकाचं नाव उगाच घेतात का? तसंही नाही. त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा याच परिसरात सापडला आणि १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्याचा तुकडा मिळाला. म्हणजे अशोकाच्या काळी सोपारा महत्त्वाचं ठिकाण होतं, याला दगडाचाच पुरावा आहे. शिवाय करंडकाभोवती बुद्धांच्या आठ धातूमूर्ती होत्या आणि त्यांची घडण आठव्या-नवव्या शतकातली वाटते. म्हणजे पुढे सहाएकशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप पुन्हा उघडला, मूर्ती ठेवल्या आणि बंद केला.

बघा, 'अशोकानं बांधला' हे एक वाक्य होतं. 'कशावरून?' विचारल्यावर त्याची हजार वर्षं झाली. एवढा ऐवज सोडून आपण वीस मिनिटांत बसमध्ये चढतो.

दुपारी वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे पाच वर्षं ते इथे राहिले. तटाच्या आत नुसता किल्ला नव्हता, अख्खं शहर होतं. चर्च, मठ, रस्ते, श्रीमंतांचे वाडे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकलं. आज मोठ्या चर्चचे मनोरे आणि कमानी तेवढ्या उभ्या आहेत, छपरं गेलीत. प्री-वेडिंग शूटसाठी रांग लागते. 'कोल्डप्ले'च्या एका गाजलेल्या व्हिडिओतही हा किल्ला दिसतो. आणि इंटरनेटवरच्या 'झपाटलेल्या जागां'च्या यादीत तो असतोच असतो.

मागच्या हिवाळ्यात मी अशाच एका टूरबरोबर इथे आले होते. गाइड आमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. भुयाराशी आल्यावर त्यानं आवाज खाली आणला आणि हे भुयार खाडीखालून थेट पलीकडे निघतं असं सांगितलं. (महाराष्ट्रातला एक किल्ला दाखवा, ज्याचं भुयार थेट कुठेतरी निघत नाही!) आमच्यातल्या एकीनं सहज विचारलं, "दादा, कशावरून?" तो दोन सेकंद गप्प राहिला, मग हसला. "खरं सांगू? माझ्या आधीचा गाइड सांगायचा."

मला त्याचा राग आला नाही. उलट तो प्रामाणिक वाटला. पण गंमत पुढेच झाली. तिनं विचारल्यामुळे बहुतेक त्याला कळलं असावं की या ग्रुपला ऐकायचंय. फ्रान्सिस्कन चर्चच्या अवशेषात त्यानं आम्हाला खाली बघायला सांगितलं. पायाखालच्या फरशा म्हणजे थडग्यांचे दगड होते. त्यानं बाटलीतलं थोडं पाणी ओतलं, हातानं धूळ पुसली आणि अक्षरं वर आली. 'सेपुल्तुरा', म्हणजे थडगं, हा शब्द त्यानं बोट ठेवून वाचून दाखवला. पुढे नाव, मग साल. चारेकशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव आम्ही सगळे वाकून वाचत होतो आणि कुणाच्याही हातात फोन नव्हता. मी विचारलं, "हे तुम्ही सगळ्यांना का दाखवत नाही?" तो म्हणाला, "कुणी विचारत नाही ना. सगळ्यांना भुयार आणि भूत पाहिजे."

माझा मुद्दा इथेच आहे. दोष एकट्या गाइडचा नाही. त्याचं पोट रेटिंगवर चालतं. भुताला पाच स्टार मिळणार असतील आणि शिलालेखाला जांभई, तर तो बिचारा भूतच विकणार. मागणी आपली आहे.

आता तुम्ही म्हणाल, 'अगं, पिकनिकला गेलोय, व्हायवा द्यायला नाही. गोष्ट खोटी असली तर असू दे की, मजा येते ना?' हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दंतकथांनाही स्वतःची किंमत असते. 'वसई जिंकू दे, तुझं देऊळ बांधीन' असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, ही कथा लोकांनी पिढ्यान् पिढ्या जपली आहे. ती जरूर ऐका. फक्त सांगणाऱ्यानं 'ही कथा आहे' आणि 'ही नोंद आहे' यांत फरक करावा, एवढंच मागणं आहे. शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही नोंद. पौर्णिमेच्या रात्री त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात, ही गोष्ट. दोन्ही सांगा, पण एकाच दमात सांगू नका.

हा फरक पुसला गेला तर काय बिघडतं? रीलच्या खालच्या कमेंट्स वाचा, म्हणजे कळेल. सोपारा-वसईच्या मातीत बौद्ध, हिंदू, ख्रिस्ती सगळ्यांचे थर आहेत. गाइडनं चढ्या आवाजात सांगितलेलं एक अर्धवट वाक्य साठ सेकंदांच्या व्हिडिओत जातं आणि संध्याकाळपर्यंत 'आमचं' आणि 'त्यांचं' सुरू होतं. पूर्वी 'ध'चा 'मा' करायला निदान लेखणी तरी लागायची. आता एक कॅप्शन पुरते.

वसईच्या घंटांचंच बघा. चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या आज देवळांत आहेत. नाशिकचं नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळचं मेणवली इथल्या घंटा त्यासाठी प्रसिद्ध आहेत. कुणी हे अभिमानानं सांगतो, कुणी रागानं. पण त्याच १७३९ च्या तहात शरण आलेल्या पोर्तुगीजांना आपलं सामान घेऊन सुखरूप बाहेर पडू देण्याची अट होती, हे दोघंही सांगत नाहीत. ते सांगितलं की विजय लहान होत नाही आणि पराभवही पुसला जात नाही. फक्त कमेंटमध्ये भांडायला लागणारा मसाला कमी होतो.

दुसरा शब्द 'ओसाड'. पोस्टरवर तो असतोच, कारण तो विकला जातो. वसई एका रात्रीत ओस पडली, असंही ऐकवलं जातं. खरं तर १६१८ च्या मे महिन्यात आलेल्या भयंकर वादळानं या शहराचं मोठं नुकसान केलं होतं आणि त्यातूनही ते सावरलं. १७३९ नंतर मराठ्यांचा कारभार इथून चालला. १७८० मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, सालबाईच्या तहानं परत दिला. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी केलेला १८०२ चा तह वसईचाच. पुढे इंग्रजांच्या राज्यात किल्ल्यात साखर कारखान्याचाही प्रयोग झाला. आणि आज? किल्ल्यातून जाणारा रस्ता किल्लाबंदरच्या कोळीवाड्यात निघतो. मासळीच्या पाट्या घेऊन बाया इथूनच ये-जा करतात. नागेश्वराच्या देवळात दिवा लागतो, संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला मिस्सा होते. जिथून रोज माणसं जातात ती जागा ओसाड कशी? 'इथे कुणी नाही' असं आपण ठरवलं की भिंतीवर बदाम कोरताना, बाटली फेकताना, कमानीवर चढताना काही वाटेनासं होतं. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या पाटीपेक्षा, ही कुणाचीतरी रोजची वाट आहे हे कळलेलं जास्त उपयोगी पडतं, असं मला वाटतं.

मग करायचं काय? फार काही नाही. बुकिंग करण्याआधी पोस्टरवरच्या नंबरवर फोन करा आणि विचारा, कुठल्या जागी किती वेळ थांबणार. स्तूपावर वीस मिनिटं म्हणाले तर 'तास द्या, तिसरा फोटो पॉइंट कापा' असं सांगा. दहा जणांनी सांगितलं तर तेही ऐकतील, गिऱ्हाईक आपण आहोत. आदल्या रात्री ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमधली सोपारा आणि वसईवरची पानं चाळा. ते ऑनलाइन फुकट मिळतं आणि वेब सिरीजच्या एका एपिसोडइतकाच वेळ घेतं. तिथे गेल्यावर गाइडला प्रश्न विचारा, पण उलटतपासणी घेतल्यासारखा नको. ऐकायची इच्छा आहे, हे त्याला कळू द्या. 'मला माहीत नाही' असं तो म्हणाला, तर त्याला एक स्टार जास्त द्या. परतताना किल्लाबंदरला चहा घ्या आणि एखाद्या आजींना विचारा, त्यांच्या लहानपणी किल्ला कसा होता. आणि मग खुशाल रील टाका. फक्त कॅप्शनमध्ये जे लिहाल, त्यावर एखाद्या मित्रानं 'कशावरून?' अशी कमेंट केली, तर तुमच्याकडे उत्तर असू द्या.