ओवणारी बोटे

अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, सकाळची लोकल आईवडिलांना घेऊन गेली की घरातील लहानग्याचा दिवस बहुधा आजी-आजोबांच्या हाती उरतो. ‘दुपारी याला कशात गुंतवायचे?’ हा प्रश्न रक्तदाब तपासून घेताना अनेक आजी मला विचारतात. मोबाइल हे सोपे उत्तर; पण काचेवरून सरकणाऱ्या बोटाला पकड शिकावी लागत नाही. अधिक चांगले उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे : कच्ची मॅकरोनी, थोडे रंग आणि बुटाची एक नाडी.

हे काही परके नव्हे. बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने ओवणारी आजी हेच करीत आली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले, तेव्हा महागड्या माँटेसोरी साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने अशा परिसरातील वस्तूच मुलांच्या हाती दिल्या. अनुताई वाघ यांनी ती परंपरा पुढे नेली.

ओवताना एक हात वस्तू धरतो, दुसरा नेम साधतो आणि डोळे दोहोंचा मेळ घालतात. अंगठा व तर्जनीची चिमटी येथे बळकट होते. पुढे सदऱ्याचे बटण, डब्याचे झाकण आणि पेन्सिल यांना हीच चिमटी लागते. बहुतेक मुले साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत मोठे मणी किंवा मॅकरोनी ओवू लागतात.

कृती सोपी आहे. मोठ्या भोकाची मॅकरोनी किंवा पेने घ्यावी. डब्यात चमचाभर व्हिनेगर आणि खाण्याच्या रंगाचे काही थेंब घालून, झाकण घट्ट लावून मुलालाच तो हलवू द्यावा. थोड्या मोठ्या मुलाने ब्रशने रंगवावे. वर्तमानपत्रावर पसरून रात्रभर पंख्याखाली वाळवावे. नाडीचे टोक कडक असावे, दुसऱ्या टोकाला गाठ मारावी. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. कंटाळा येण्यापूर्वी थांबावे.

सर्वांत कठीण पथ्य मात्र आपल्यासाठी आहे : त्याच्या हातून नाडी काढून घेऊ नका. आपण मॅकरोनी स्थिर धरावी, ओवावे त्याने. आपण ओवून दिलेली सुबक माळ त्याच्या बोटांना काहीच शिकवीत नाही; त्याने ओवलेले वेडेवाकडे चार मणी पुष्कळ शिकवितात. आपली बोटे संधिवाताने सावकाश चालत असतील, तर येथे तो गुणच आहे. घाई नसलेला सोबती मुलाला आणखी कोठे मिळणार?

काही सावधगिरी अटळ आहे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती हे साहित्य देऊ नये. घरात रांगते भावंड असल्यास खाली सांडलेला प्रत्येक तुकडा उचलावा. माळ गळ्यात घालून झोपू किंवा खेळू देऊ नये. तुकडा घशात अडकला व मूल खोकू वा रडू शकत नसेल, तर वर्षावरील मुलास पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच ठोसे द्यावेत. नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत व वरच्या दिशेने दाब द्यावा. अडथळा निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे व दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरवावा. न दिसणारा तुकडा बोटाने चाचपू नये.

या खेळात डोळसपणे पाहिल्यास बरेच कळते. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला महिनाभराच्या सरावानेही ओवणे जमत नसेल, किंवा ते वस्तू डोळ्यांशी नेऊन पाहत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. दीड वर्षाच्या आतील बाळ नेहमी एकच हात वापरत असेल, तरीही तपासणी हवी. आणि आजी-आजोबा, आपल्या स्वतःच्या एका हाताची पकड अचानक सुटली, तर उद्याची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो.