साखर शब्द आपला. मग कोयता कुणाचा?

(१) सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत हमखास येणारा एक प्रश्न आहे: ‘शुगर’ या इंग्रजी शब्दाचे मूळ कोणत्या भाषेत आहे? उत्तर: संस्कृत. गुण मिळतो, टाळी पडते आणि प्रश्न संपतो. माझ्या मते खरा प्रश्न तेथून सुरू होतो. वडवणीसारख्या, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी अर्धी रिकामी होणारी गावे असलेल्या तालुक्यातील आपण तरी तो अर्ध्यावर सोडू नये.

(२) आधी उत्तर नीट पाहू. ‘शर्करा’ या शब्दाचा जुना अर्थ खडे, रेव, भरड वाळू. उसाचा रस आटवून जे कण मिळाले, त्यांना रेतीच्या साम्यावरून हे नाव पडले. प्राकृतातील ‘सक्करा’मधून मराठीत साखर आली, तोच शब्द फारसीत शकर, अरबीत सुक्कर, इटालियनमध्ये झुक्केरो आणि इंग्रजीत शुगर झाला. ‘खंड’ म्हणजे तुकडा. त्याचे फारसीत ‘कंद’ झाले आणि पुढे इंग्रजीत ‘कँडी’. गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात. तो शब्द मलयाळममधील ‘चक्कर’वरून पोर्तुगीजांमार्फत गेला, म्हणजे तोही शर्करेचाच वंशज.

(३) शब्द प्रवास करतो तो मालाबरोबर. इ.स.पू. चौथ्या शतकात सिकंदराचा नौदलप्रमुख निआर्कस याने भारतात मधमाश्यांवाचून मध देणारा बोरू असल्याची नोंद केली. इ.स. ६४७ च्या सुमारास चीनच्या तांग सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकण्यासाठी मगधात माणसे पाठवली. पुढे गंमत अशी झाली की हिंदीत पांढऱ्या साखरेला ‘चीनी’ आणि खडीसाखरेला ‘मिसरी’ ही नावे रूढ झाली. एक चीनवरून, दुसरे मिस्रवरून, म्हणजे इजिप्तवरून. मराठीने मात्र ‘साखर’ सोडली नाही.

(४) आता विज्ञान. ऊस तोडल्यावर त्यातील ‘इन्व्हर्टेज’ हे विकर सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करू लागते. या दोन शर्करांपासून कारखान्याला हवे ते स्फटिक मिळत नाहीत. उलट साखरेचा उतारा घटतो. या क्रियेला ‘इन्व्हर्शन’ म्हणतात, कारण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवणारे द्रावण त्यानंतर डावीकडे वळवू लागते. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे.

(५) विकराच्या या घड्याळाचा काटा अखेर माणसाच्या हातांवर फिरतो. गाडी अपरात्री आली तर मोळ्या अपरात्री भरायच्या. पहाटेच्या थंडीत पुन्हा फडात उतरायचे. प्रयोगशाळेतील एका रासायनिक क्रियेचे हे आपल्या तालुक्यातील भाषांतर आहे. पाठ्यपुस्तकात क्रिया आहे, भाषांतर नाही.

(६) या धंद्याची स्वतःची शब्दसंपदा पाहा. ‘मुकादम’ हा अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला, अग्रणी. दख्खनच्या जुन्या कागदपत्रांत गावच्या पाटलाला ‘मोकदम’ म्हटलेले आढळते. गावाचा प्रमुख असलेला हा शब्द आज मजुरांच्या टोळीच्या प्रमुखाला चिकटला आहे. ‘उचल’ अस्सल मराठी: हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ रक्कम, जी ऊस तोडून फेडायची, न फिटल्यास बाकी पुढच्या हंगामावर चढते. कामावरची गैरहजेरी म्हणजे ‘खाडा’, आणि खाड्याचाही दंड बसतो.

(७) सर्वांत बोलका शब्द ‘कोयता’. कन्नड आणि तेलुगूत कापणे या अर्थी ‘कोय्’ असा धातू आहे. त्याच्याशी याचे नाते स्पष्ट दिसते. परंतु फडावर कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’. उचल कोयत्याला, टनामागची मजुरी कोयत्याला, आणि हिशेब बहुधा पुरुषाच्या नावे. दोन माणसांच्या श्रमाला एक शब्द आहे. त्यातील बाईच्या श्रमाला वेगळा शब्द नाही, म्हणून वेगळी नोंदही नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली राज्य सरकारला समिती नेमावी लागली. ज्यांना हिशेबात जागा नव्हती, त्या अशा रीतीने कागदावर आल्या.

(८) काही मित्र म्हणतील, हा इतिहास नव्हे, चालू घडामोड आहे. मला ते मान्य नाही. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर भारतीय मजूर करारावर नेले जाऊ लागले. त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. ‘ॲग्रीमेंट’चे बोलीत ‘गिरमिट’ झाले आणि ते करणारे ‘गिरमिटिये’ ठरले. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, आणि गिरमिट आज इतिहासाचा सन्मान्य विषय आहे. गिरमिट आणि उचल एकच नव्हेत. समुद्रापार नेणारा वसाहतीचा करार वेगळा, घरी परतता येणारी हंगामी मजुरी वेगळी. पण ऊस तोच, आणि आधी बांधून घेऊन मग राबवण्याची रीत ओळखीची आहे. एकाला वारसा म्हणायचे आणि दुसऱ्याला बातमीही न मानायचे, हे इतिहासप्रेमींना शोभत नाही.

(९) विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले, हे आपण पाठ करतो आणि ते करावेच. त्याच वहीत पुढची ओळ लिहावी: १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची संख्या वाढली. पहिली ओळ कारखान्याचा इतिहास सांगते, दुसरी त्या कारखान्यापर्यंत ऊस कसा पोहोचला ते सांगते.

(१०) म्हणून एक विनंती. यंदा गुढीपाडव्याच्या आसपास टोळ्या परततील, तेव्हा आपल्या गल्लीतील एखाद्या आजीला फडावरचे शब्द विचारा आणि ते अर्थासह, तिच्या परवानगीने लिहून ठेवा. ‘शुगर’चे मूळ सांगणारे कोश भरपूर आहेत. ‘कोयत्या’तील अर्धा वाटा जिचा आहे, तिचे शब्द नोंदवणारी वही मात्र आपल्यालाच सुरू करावी लागेल.