वीजकेंद्र उशाला, चिंता चार्जिंगची!

डहाणू (खास प्रतिनिधी) : 'धरण उशाला अन् कोरड घशाला' ही म्हण डहाणूकरांना नवी नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींमुळे तिला आता नवा अर्थ येऊ पाहत आहे. १९९५ मध्ये सुरू झालेले ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र डहाणूत असले, तरी ते मुंबईच्या उपनगरांसाठी उभारलेले आहे. स्थानिक घरांना वीज मिळते ती महावितरणकडून. चार्जिंगच्या सोयीबाबतही असेच घडणार काय, हा खरा प्रश्न आहे.

राज्य सरकारच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंग केंद्राचे उद्दिष्ट आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटी आणि तलासरीवरून जात असल्याने या पट्ट्याला त्याचा लाभ होईल, यात शंका नाही. मात्र हे अंतर महामार्गावर मोजले जाते. चारोटीपासून डहाणू सुमारे २५ किलोमीटर आत आहे. बोर्डी त्याहून आणखी सुमारे १५ किलोमीटर पुढे. बोर्डीच्या मोटारमालकाने केवळ चार्जिंगसाठी चारोटीला ये-जा केली, तर १२ ते १३ युनिट वीज रस्त्यावरच खर्च होईल. महामार्गावरची सोय प्रामुख्याने वाटसरूंसाठी आहे, हे ध्यानात घ्यावयास हवे.

घरचा प्लग पुरेसा

स्थानिक मालकाचा खरा आधार घरचा प्लगच आहे. १५ अँपिअरच्या साध्या प्लगमधून तासाला सुमारे तीन युनिट वीज मोटारीत जाते. ४० युनिट क्षमतेची बॅटरी पूर्ण भरण्यास त्यामुळे १२ ते १४ तास लागतात. परंतु रोज बॅटरी रिकामी होते कुठे? एका युनिटमध्ये मोटार साधारण सहा ते सात किलोमीटर धावते. दिवसाच्या साठ किलोमीटरसाठी दहा युनिट, म्हणजे रात्रीचे तीन-साडेतीन तास पुरतात.

पथ्ये मात्र पाळलीच पाहिजेत. चांगले अर्थिंग आणि स्वतंत्र वायरिंग अत्यावश्यक आहे. एक्स्टेन्शन बोर्ड वापरणे धोक्याचे. भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर हवा असल्यास मंजूर वीजभार वाढवून घ्यावा लागतो. रोजचे दहा युनिट महिन्याला तीनशे होतात आणि घरगुती देयक वरच्या दराच्या टप्प्यात जाते, हा हिशेबही आधीच मांडलेला बरा. पावसाळ्यात वीज खंडित होणे गृहीत धरून बॅटरी अगदी तळाला जाऊ न देणे शहाणपणाचे.

महामार्गावरचे जलद चार्जर लांबच्या प्रवासासाठी योग्य होत. ६० किलोवॉटच्या चार्जरवर अनेक मोटारी पाऊण ते एका तासात ८० टक्क्यांपर्यंत भरतात. त्यानंतर वेग मंदावतो. त्यामुळे शंभर टक्क्यांचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. येथे सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि पैसे बहुधा कंपनीच्या ॲपमधून द्यावे लागतात. ॲप आणि खात्यातील शिल्लक घरून निघतानाच तपासलेली बरी.

अडचण कोणाची?

स्वतःचे अंगण असलेल्या बागायतदाराचे यात भागेल. भाड्याच्या खोलीत राहणारा शिक्षक वा इमारतीतला नोकरदार काय करणार? वापी, वलसाड किंवा सिल्वासाला रुग्ण घेऊन जाणाऱ्या भाड्याच्या वाहनाचे काय? पार्किंगमध्ये प्लग नसलेल्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक सोय हाच उपाय आहे.

तो फार खर्चिकही नाही. चार्जिंग केंद्रासाठी वीज विक्रीच्या परवान्याची गरज नाही, असे केंद्र सरकारने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे. बोर्डी-घोलवडला मुक्कामी येणाऱ्या पर्यटकाची मोटार रात्रभर उभीच असते. तेथील हॉटेलचालकाला महागड्या जलद चार्जरऐवजी सात किलोवॉटचा चार्जर पुरेल. डहाणू नगर परिषद आणि तलासरी नगरपंचायतीने बाजारपेठ व एसटी स्थानकालगत अशा जागा दिल्यास दिवसा कामासाठी आलेली वाहनेही तेथे भरता येतील. केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी दोन हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. तिचा वाटा महामार्ग सोडून गावात आणायचा, तर स्थानिक संस्थांनी मागणी लावून धरली पाहिजे. अन्यथा मोटारी महामार्गावर भरून पुढे निघून जातील आणि डहाणूकर पुन्हा एकदा पाहतच राहतील.